राजमाता जिजाबाई : मन आणि शरीरप्रकृती

शरीर आणि मन ही एकाच घरातील ओटी आणि माजघर होत. माजघरात विस्तव धुमसू लागला म्हणजे ओटीवर धूर आल्यावाचून राहत नाही. चिंता आणि चिता या दोन शब्दांत अवघ्या एका अनुस्वाराचा भेद असून चिता मेलेल्यास जाळते व चिंता जित्यास जाळते, ही समजूत आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेली आहे. विसाव्या शतकात वैद्यकशास्त्राने प्रयोगांच्या साहाय्याने या समजुतीची पारख केली आणि तिच्यात पुष्कळ तथ्य असल्याचे दाखवून दिले. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. दुःख कोणाच्याच वाट्याचे चुकत नाही. असे असता सारखेच दुःख एकास अंथरुणास खिळविते, आणि दुसरा त्यातून पार पडून हातून मोठे कार्य करवितो व दीर्घायुषीही होतो, हे कशाने घडते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील आपणां लोकांना दूर जावयास नको. जुन्नर शहरास लागूनच शिवनेरीचा डोंगर उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान म्हणून त्याची कीर्ती सर्वत्र आहे, आणि शाळेची सहल तेथे गेली नाही असे वर्ष क्वचितच जाते. तेथे बाळ शिवबासह उभ्या असलेल्या जिजाबाईंच्या मूर्तीस आपण हात जोडतो. परंतु त्या मातेने ज्या मनःस्थितीत त्या गडावर दिवस काढले असतील, तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. त्या दृष्टीने या थोर स्त्रीचे चरित्र पाहावे, असा या लेखाचा उद्देश आहे.

जिजाबाईंचा जन्म विदर्भातील सिंदखेड येथे झाला. आज त्या गावास सिंदखेडराजा म्हणतात व ते बुलढाणा जिल्ह्यात आहे. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतिथी सर्वसाधारणपणे मानली जाते. पिता लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी जिजाबाईंचा विवाह झाला. माहेर व सासर दोन्ही तोलामोलाची, दोन्ही शूरांची; बाहेरून पाहणाऱ्यास या मुलीच्या भाग्याचा हेवाच वाटावा. परंतु ते भाग्य काट्यांनी भरलेले होते. निजामशाही दरबारातून बाहेर पडताना खंडागळे नामक सरदाराचा हत्ती बिथरला, त्यावरून जाधव व भोसले या घराण्यांत चकमक उडाली, आणि दोन्ही घराण्यांतील एकेक तरुण त्यात प्राणास मुकला, अशी कथा बखरींत आढळते. जिजाबाईंना एका बाजूस सख्खा भाऊ व दुसऱ्या बाजूस दीर गमवावा लागला. ज्या मुलीचे माहेर व सासर एकमेकांविरुद्ध तलवार उपसते, तिने कोणासाठी रडावे आणि कोणाजवळ रडावे?

यापेक्षाही मोठा आघात पुढे वाढून ठेवलेला होता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबाद येथे निजामशहाच्या भर दरबारात लखुजी जाधवरावांची कपटाने हत्या करण्यात आली. त्यांच्याबरोबर अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू, असे घरातील आणखी तीन पुरुष मारले गेले. एका दिवसात जिजाबाईंचे माहेर उद्ध्वस्त झाले. शिवरायांची जन्मतिथी १९ फेब्रुवारी १६३० ही धरून हिशेब केला, तर या वेळी जिजाबाई गर्भवती असून ते पहिलेच महिने होते. पती शहाजीराजे त्या धामधुमीत पक्ष बदलीत, लढत, दूर फिरत होते. पित्याचा खून, भावांचा खून, पती रणांगणावर, राज्यात बेबंदशाही आणि पोटात मूल, अशी ती वेळ होती.

या ठिकाणी आजचे शास्त्र काय सांगते ते पाहू. मनुष्यास भय वाटले, संताप आला किंवा आकस्मिक दुःख झाले म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी रक्तात काही द्रव्ये सोडतात. त्यांपैकी अॅड्रिनॅलिन हे द्रव्य हृदयाची गती वाढविते, श्वास जलद करते व स्नायूंना रक्ताचा पुरवठा वाढविते. संकटाशी झुंजावे अथवा त्यापासून पळावे, यांपैकी एका कामासाठी शरीर अशा रीतीने क्षणार्धात सज्ज होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही व्यवस्था १९१५ साली आपल्या ग्रंथात विशद केली. बिबट्या समोर आला असता ही व्यवस्था प्राण वाचविते. परंतु बिबट्या निघून गेल्यावर शरीर पुन्हा पूर्वस्थितीस यावे, अशी निसर्गाची योजना आहे. भय जर दिवसेंदिवस, महिनेन्महिने टिकले, तर कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य रक्तात अधिक प्रमाणात वावरू लागते. झोप उडते, रक्तदाब चढतो, अन्न पचेनासे होते आणि रोगजंतूंशी लढणारी शरीराची फौज दुबळी होते. हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, त्रास थंडीचा असो, जखमेचा असो वा विषाचा असो, तो दीर्घकाळ चालला म्हणजे शरीराची झीज ठराविक प्रकारेच होते. आज ज्याला आपण मनावरचा ताण म्हणतो, त्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया अशा संशोधनाने घातला गेला.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, हॉलंड देशाच्या पश्चिम भागात शत्रूने अन्नाची कोंडी केली व भीषण उपासमार झाली. त्या काळात ज्या माता गर्भवती होत्या, त्यांच्या मुलांची पुढे अनेक वर्षे पाहणी करण्यात आली. विशेषतः गर्भावस्थेच्या आरंभीच्या महिन्यांत ज्यांच्या मातांची उपासमार झाली, त्यांच्यात प्रौढ वयात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. सारांश, मातेचे हाल बाळाच्या शरीरावर खूण सोडून जाऊ शकतात. आणि जिजाबाईंच्या वेळची स्थिती तरी काय होती? १६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरात या प्रांतांत इतिहासप्रसिद्ध दुष्काळ पडला. पावसाने पाठ फिरविली, गावे ओस पडली, माणसे व गुरे अन्नावाचून मेली. शिवरायांचे शैशव त्या दुष्काळाच्या छायेत गेले.

मग या मायलेकरांस तारले कशाने? दैवाचा भाग सोडून दिला तरी काही गोष्टी आपणांस स्पष्ट दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे शिवनेरीचा आश्रय. पायथ्यापासून सुमारे हजार फूट उंच, एकामागून एक सात दरवाजांनी रक्षिलेला, आणि ज्याच्या पोटात गंगा-जमुना नावाची जिवंत पाण्याची टाकी आहेत असा हा गड, त्या अस्थिर काळात सुरक्षित स्थळ होते. खाली रान पेटले असता वर निदान रात्रीची झोप निर्भय होती. दुसरी गोष्ट म्हणजे माणसांचा आधार. गडावरील विश्वासराव घराण्याशी भोसल्यांची सोयरीक होती. थोरले पुत्र संभाजीराजे यांचे ते सासर होय. तेव्हा जिजाबाई परक्यांत नव्हत्या, आप्तांत होत्या. तिसरी गोष्ट म्हणजे श्रद्धा. गडावरील शिवाई देवीच्या नावावरून मुलाचे नाव शिवाजी ठेविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सुरक्षित जागा, मायेची माणसे आणि मनाला विसावा देणारे एक स्थान, या तीन गोष्टी गर्भवतीस लाभल्या पाहिजेत, असे आजचा डॉक्टरही सांगेल. शहाजीराजांनी पत्नीस शिवनेरीवर ठेवण्यात जी दूरदृष्टी दाखविली, ती गडाच्या तटाइतकीच मोलाची ठरली.

शैशवाची वर्षे शिवनेरीच्या परिसरात गेल्यावर पुढे जिजाबाई पुत्रासह पुण्यास आल्या. त्या वेळचे पुणे म्हणजे एक भकास खेडे होते. १६३० साली विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने ते जाळून, त्यावर गाढवांचा नांगर फिरविला व पहार ठोकली होती. या भूमीत पुन्हा वस्ती करू नये, असा त्याचा अर्थ. जिजाबाईंनी शहाजीराजांच्या कारभाऱ्यांच्या साहाय्याने ती भूमी पुन्हा वसविली. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून रयतेच्या मनातील भय घालविले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कसबा गणपतीचे देवालय उभे राहिले, लाल महाल बांधला गेला, पळून गेलेले शेतकरी परतले, रानटी जनावरांचा बंदोबस्त झाला व शेते पुन्हा पिकू लागली.

जिजाबाईंच्या मनाच्या दृष्टीने पाहता पुण्याचे हे काम औषधासारखे होते. ज्या स्त्रीचे माहेर उजाड झाले होते, तिच्या हाती उजाड गाव वसविण्याचे काम आले. पित्यास परत आणणे कोणाच्याही हाती नव्हते. परंतु एका शेतकऱ्यास बी-बियाणे देऊन त्याचे शेत पेरविणे हे हाती होते. जे हाती नाही त्याचा शोक करीत बसणे आणि जे हाती आहे ते उद्या सकाळी करावयास घेणे, या दोहोंत शरीरप्रकृतीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इंग्लंडमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी सुरू झाली व ती वर्षानुवर्षे चालली. जबाबदारी मोठी असलेले वरचे अधिकारी हृदयविकाराने अधिक मरत असतील असा अनेकांचा समज होता. पण प्रत्यक्षात खालच्या पायरीवरील नोकरांत ते प्रमाण अधिक आढळले. त्याची कारणे अनेक होती. धूम्रपान, राहणी, मिळकत हीही त्यांत होती. तथापि आपल्या कामावर आपला स्वतःचा काही ताबा नाही, ही स्थितीच प्रकृतीस मोठी घातक ठरते, असे या अभ्यासातून पुढे दिसून आले. काम पुष्कळ असल्याने मनुष्य जितका झिजतो, त्याहून असहायतेने तो अधिक झिजतो.

पुढील वर्षांत संकटांची मालिका थांबली नाही. १६४८ साली विजापूरकरांनी शहाजीराजांस कैद केले. पुत्राने स्वराज्याचा उद्योग आरंभिला आणि त्याची झळ पतीस लागली, अशी ही चमत्कारिक परिस्थिती होती. १६४९ साली त्यांची सुटका झाली. पुढे १६५४ च्या सुमारास थोरले पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. १६५९ च्या सप्टेंबरात सून सईबाई राजगडावर निवर्तल्या. त्यांचा मुलगा संभाजी तेव्हा अवघा सव्वादोन वर्षांचा होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी शिवरायांस प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जावे लागले. घरात सुनेचा शोक ताजा, मांडीवर आईवेगळे नातवंड, आणि मुलगा साक्षात काळाच्या भेटीस निघालेला! पुढच्याच वर्षी शिवराय पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात कित्येक महिने अडकून पडले. त्या वेळी जिजाबाई स्वतः फौजेनिशी निघण्यास सिद्ध झाल्या होत्या, असे वर्णन परमानंदाच्या शिवभारत या काव्यात आहे.

या सर्व प्रसंगी जिजाबाईंच्या हातून कोणते ना कोणते काम चाललेले आपणांस दिसते. आईवेगळ्या संभाजीस त्यांनी मायेने वाढविले. लोकांच्या तक्रारी ऐकणे, तंटे तोडणे, कारभारावर नजर ठेवणे ही कामे त्यांच्याकडे असत. दुःख बाजूस सारावे व मनात दडपून टाकावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. दुःख मोकळेपणाने करावे. परंतु त्याच दिवसात बाळाचे दूध, रयतेचे गाऱ्हाणे व देवाचा दिवा यांसही जागा असावी. दिवसाचा क्रम मोडला नाही म्हणजे मनासही आधार राहतो. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, उजेडात हिंडणे-फिरणे आणि माणसांत बसणे या साध्या गोष्टी शरीरातील घड्याळास नियमित ठेवतात, आणि दुःखी मनुष्य नेमक्या याच गोष्टी प्रथम सोडतो.

जिजाबाईंच्या आयुष्यात असाही एक क्षण आला की, जेव्हा त्यांचेही धैर्य खचले. २३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. ही वार्ता येताच जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. शिवराय व जवळची माणसे यांनी परोपरीने विनविले, आणि अखेर त्यांनी तो बेत सोडला. ज्यांना आपण धैर्याची मूर्ती म्हणून पूजतो, त्यांच्यावरही जगणे नकोसे होण्याची वेळ आली होती, ही गोष्ट मुलांनी व पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. ती वेळ टळली ती कशाने? मुलाने आईस एकटे सोडले नाही, तिची आपल्याला व राज्याला गरज आहे हे तिच्या मनात उतरविले, आणि त्या मातेनेही हेका न धरता आपल्या माणसांचे ऐकले म्हणून. आधार देणे हे जसे पुण्य आहे, तसा आधार घेणे यातही एक मोठेपणा आहे. पतीच्या अथवा पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्या माणसाच्या मृत्यूचा संभव वाढतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळून आले आहे. त्या महिन्यांत घर माणसांनी भरलेले असावे, हा आपल्या जुन्या लोकरीतीतील हेतू किती शहाणपणाचा होता, हे यावरून कळते.

पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी महाबळेश्वर येथे शिवरायांनी मातेची सुवर्णतुला केली. वैधव्याच्या दुःखातील आईस पुत्राने केलेला हा मान होय. दुःखी माणसाच्या प्रकृतीस अन्न व औषध यांइतकीच मानाचीही आवश्यकता असते.

यानंतरचे वर्ष जिजाबाईंच्या परीक्षेचे ठरले. ५ मार्च १६६६ रोजी शिवराय नऊ वर्षांच्या संभाजीस घेऊन आग्र्यास निघाले. १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात अपमान झाला आणि पुढे ते नजरकैदेत पडले. त्या काळी आग्र्याची बातमी राजगडास पोहोचावयास किती दिवस लागत असतील, याची कल्पना करावी. मुलगा व नातू दोघेही शत्रूच्या मुठीत, आणि आलेले वर्तमान ते पोहोचेपर्यंत शिळे झालेले. १७ ऑगस्ट रोजी शिवरायांनी आग्र्याहून सुटका करून घेतली. तथापि संभाजीस मथुरेस ठेवून ते आधी एकटेच परतले, आणि नातू सुखरूप येईपर्यंत आजीच्या जिवाची घालमेल पुन्हा चालूच राहिली. या सर्व काळात राज्याचा कारभार जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे आदी मंडळींनी नीट चालविला. एकही किल्ला गेला नाही, राज्यात बंडाळी माजली नाही.

वाट पाहणे हे सर्व कामांत कठीण काम होय. १९९५ साली अमेरिकेत ओहायो येथे एक लहानसा प्रयोग झाला. घरातील बुद्धिभ्रंश झालेल्या वृद्धाची दिवसरात्र शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी चिंता नसलेल्या १३ स्त्रिया निवडण्यात आल्या. प्रत्येकीच्या हातावर डॉक्टरांनी एकसारखी लहान जखम केली व ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते मोजले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरण्यास सुमारे नऊ दिवस अधिक लागले. प्रयोग लहान असला तरी त्याचा बोध मोठा आहे: दीर्घकाळाची काळजी कातडीपर्यंत पोहोचते. म्हणून ज्या घरात दुखणाईत मनुष्य आहे, तेथे त्याची उस्तवार करणाऱ्या बाईचीही कोणीतरी काळजी वाहिली पाहिजे. जिजाबाईंवर वाट पाहण्याचा भार होता. परंतु तो त्यांनी एकट्याने वाहिला नाही. विश्वासू माणसांत कामे वाटून दिलेली होती, आणि प्रत्येक दिवसास त्या दिवसाचे कर्तव्य होते.

उतारवयात शरीर आपला हक्क सांगू लागते, आणि त्याचे म्हणणे जिजाबाईंनी ऐकले. राजधानी रायगडावर गेली. परंतु त्या उंच गडावरील थंड व बोचरा वारा त्यांच्या प्रकृतीस मानवेना. तेव्हा शिवरायांनी गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांच्यासाठी वाडा बांधिला व पाण्यासाठी विहिरी खोदविल्या. तेथील तक्क्याच्या विहिरीशी दगडी बैठकीवर बसून त्या पाणी भरावयास येणाऱ्या बायाबापड्यांची विचारपूस करीत, असे सांगतात. त्यांनी हवामान मानवत नाही हे मान्य केले आणि जागा बदलली. माणसांत बसणे मात्र सोडले नाही. पुष्कळ वृद्ध माणसे याच्या उलट करतात. दुखणे लपवितात, आणि माणसांत येण्याचे टाळतात.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांस राज्याभिषेक झाला. ज्या मुलास दुष्काळात व बेबंदशाहीत शिवनेरीवर वाढविले, तो छत्रपती झालेला त्या मातेने डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, पाचाड येथे जिजाबाईंनी देह ठेविला. तेव्हा त्यांचे वय सुमारे ७६ वर्षांचे होते. त्या काळच्या मानाने हे दीर्घ आयुष्य होय. पाचाडास त्यांची समाधी आहे.

हे चरित्र वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की, मन खंबीर असले म्हणजे रोग होतच नाही, अथवा रोगी मनुष्य मनाचा दुबळाच असतो. हा समज खोटा तर आहेच, शिवाय निष्ठुरही आहे. याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. पोटातील व्रण हा काळजीने व तिखट खाण्याने होतो, असे डॉक्टरही अनेक वर्षे मानीत. परंतु १९८२ साली ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल या डॉक्टरांनी त्यामागील एक जंतू शोधून काढला, आणि पुढे योग्य औषधांनी हे व्रण बरे होऊ लागले. या शोधाबद्दल २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून छातीत कळ येत असेल, ताप हटत नसेल, वजन उतरत असेल, तर मनाची समजूत घालीत न बसता प्रथम डॉक्टरांकडे जावे. त्याचप्रमाणे झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगण्यात राम वाटेनासा झाला, आणि ही स्थिती आठवडेच्या आठवडे टिकली, तरीही डॉक्टरांकडेच जावे. मनाचे दुखणे हे लाजेचे नसून ताप-खोकल्यासारखेच दुखणे होय.

आता आपल्या घरांकडे वळू. कुकडी व घोडनदी यांच्या खोऱ्यांत आज धरणांमुळे पाणी खेळते आहे, ऊस व भाजीपाला पिकतो आहे. तरी चिंता कमी झालेली नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव आज चढतो व उद्या कोसळतो. उसाच्या फडात बिबट्याचे भय आहे, म्हणून रात्री पाणी धरावयास गेलेला बाप घरी येईपर्यंत आईच्या डोळ्यास डोळा लागत नाही. भीमाशंकराच्या बाजूच्या डोंगरी वाड्यांतून दवाखाना दूर पडतो. मुलांच्या मनात परीक्षेची धास्ती असते, आणि ती पुष्कळदा आईबापांच्याच तोंडून त्यांच्या मनात शिरलेली असते. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी आपली म्हण आहे. निकालाच्या महिनाभर आधीपासून ज्याचे जेवण तुटले आणि झोप मोडली, तो विद्यार्थी बुद्धिमान असूनही परीक्षेच्या दिवशी आजारी पडतो, यात नवल नाही.

यावर उपाय कठीण नाहीत. विद्यार्थ्यांनी अभ्यासाची रात्र झोपेतून उसनी घेऊ नये. दररोज तासभर मैदानात घालवावा. मनात भय असेल तर ते आईजवळ, वडिलांजवळ अथवा एखाद्या शिक्षकाजवळ बोलून दाखवावे. पालकांनी मुलांचे गुण दुसऱ्या मुलांच्या गुणांशी ताडून पाहण्याचे सोडावे, आणि कर्जाची व भावाची चिंता रात्री जेवणाच्या वेळी ताटात वाढू नये. घरात सून गर्भवती असेल, तर तिला पोटभर अन्न, विश्रांती व दोन गोड शब्द मिळतात की नाही इकडे सासरच्या वडील माणसांनी लक्ष द्यावे. तिच्या मनाची शांतता हा दोन जिवांच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. शेजारी कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर तेराव्या दिवसानंतरही तेथे जाणे चालू ठेवावे. कारण घर खरोखर रिकामे होते ते त्यानंतरच.

जिजाबाईंच्या आयुष्यातील आघात थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. आश्रय घेणे, माणसे धरून ठेवणे, दिवसाचे काम न सोडणे, आपल्यांचे ऐकणे आणि शरीराचे म्हणणे मानणे एवढे मात्र हाती होते, व तेवढे त्यांनी केले. विद्यार्थिमित्रहो, पुढील वेळी सहलीस शिवनेरीची चढण चढाल, तेव्हा सातवा दरवाजा ओलांडल्यावर क्षणभर थांबा, गंगा-जमुनेचे टाके पाहा, आणि हा गड एका दुःखी मातेस झोप, पाणी व सोबत देणारे घर झाला होता हे आठवा. अशा एखाद्या घराची गरज असलेला मनुष्य तुमच्या गावात, तुमच्या वर्गात, कदाचित तुमच्या बाकावरही बसलेला असेल. त्याच्याशी जाऊन बोला.